न मारलेला मार

शेडिन्जा नावाचा एक पोकेमॉन आहे. सिकाडा किडा कात टाकून उडून जातो आणि झाडाला चिकटून राहते ती पोकळ साल; ती सालच लढायला उतरली तर जशी दिसेल, तसा हा दिसतो. इतर पोकेमॉन तीनशे-चारशे एचपी, म्हणजे जीव मोजणारे गुण, घेऊन मैदानात येतात, शेडिन्जाचे एचपी कायम 1. टिचकी मारली तरी मरेल असं वाटतं, पण त्याच्याकडे ‘वंडर गार्ड’ नावाची अ‍ॅबिलिटी आहे. आग, दगड, उड्डाण, भूत आणि अंधार या पाच टाईपांचे हल्ले सोडले तर कुठलाही वार त्याला लागत नाही. भूकंप होऊ दे, त्सुनामी येऊ दे, समोर दंतकथेतला देव उभा राहू दे, शेडिन्जाला काही होत नाही.

आणि मग कुणीतरी वाळूचं वादळ उठवतं. टर्न संपते. वादळ प्रत्येकाच्या कमाल एचपीचा सोळावा भाग कापून घेतं, आणि कापायचंच असेल तर निदान 1 तरी कापायचा असा नियम आहे. शेडिन्जा कोसळतो. त्याच्यावर हात कुणीच उगारलेला नसतो.

स्पर्धात्मक पोकेमॉन बाहेरून पाहणाऱ्याला ज्वाळा, विजा आणि किंचाळ्या यांचा खेळ वाटतो. आपल्याकडे तो घराघरांत पोचला तोही कार्टूनमधून, आणि कार्टूनमध्ये लढाई जिंकली जाते ती जिद्दीवर. मूळ व्हिडिओ गेम मात्र थंड डोक्याचा आहे. 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये गेम बॉयवर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन भाग आले, तेव्हापासून लढाईचा सांगाडा तोच राहिला आहे. दोन्ही खेळाडूंकडे सहा-सहा पोकेमॉन, प्रत्येकाकडे चार मूव्ह. दर टर्नला दोघंही एकमेकांना न कळू देता ठरवतात, हल्ला करायचा की हा पोकेमॉन मागे घेऊन दुसरा पुढे पाठवायचा. मग ठरल्याप्रमाणे सगळं घडतं, आणि टर्नच्या शेवटी एक छोटासा हिशेब होतो. वादळानं किती कापलं, विषानं किती, भाजल्याच्या जखमेनं किती, आणि कुणाच्या हातातल्या शिळ्या घासानं किती भरून दिलं. चांगला खेळाडू आणि उत्तम खेळाडू यांच्यातला फरक बऱ्याचदा या हिशेबात असतो. खेळाडू त्याला ‘चिप डॅमेज’ म्हणतात.

हे नुकसान एवढं महत्त्वाचं का, याचं उत्तर शकल या पोकेमॉनकडे पाहून मिळतं. लाल कवचातला हा एक कासवासारखा जीव. त्याच्या दोन्ही संरक्षणांचे मूळ आकडे 230-230 आहेत; बहुतेकांचे शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असतात. अशा किल्ल्यावर साधे हल्ले करत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. पण विष, वादळ, जमिनीवर पेरलेले काटे यांपैकी कुणालाही संरक्षणाचा आकडा दिसतच नाही. ते फक्त कमाल एचपी बघतात आणि त्याचा ठरलेला अपूर्णांक उचलतात. ‘टॉक्सिक’ या मूव्हचं विष तर दर टर्नला वाढत जातं: आधी एक सोळांश, मग दोन, मग तीन. पाच टर्नमध्ये पंधरा सोळांश उडतात आणि सहाव्या टर्नला पोकेमॉन पडतो. तो शकल आहे की फुलपाखरू, याचा काही संबंध नाही. जितकी भिंत जाड, तितकं हे हत्यार स्वस्त पडतं, कारण त्या भिंतीसाठी प्रतिस्पर्ध्यानं मोजलेली किंमत पूर्ण वाया जाते.

पहिल्या पिढीत, म्हणजे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’च्या काळात, हे सगळं कच्चं होतं. साधं विष आणि भाजणं एक सोळांशच घ्यायचं. टॉक्सिकचा वाढता मोजणीकाटा ‘लीच सीड’ या रक्त शोषणाऱ्या बियाण्यालाही लागू व्हायचा. हा प्रोग्रामिंगमधला गोंधळ होता, पण तो ज्यांना ठाऊक होता त्यांच्यासाठी भयंकर हत्यार होतं. खरी रचना सुरू झाली ती दुसऱ्या पिढीत, 1999 च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये. हवामान त्याच खेळात आलं: पाऊस, ऊन आणि वाळूचं वादळ. जमिनीवर पेरायचे ‘स्पाइक्स’ हे काटे त्याच खेळात आले, ते झाडून काढणारी ‘रॅपिड स्पिन’ त्याच खेळात आली, आणि दर टर्नला एक सोळांश एचपी परत देणारा ‘लेफ्टओव्हर्स’ हा शिळ्या घासाचा आयटमही त्याच खेळात आला. घेणारे आणि देणारे एकाच वेळी मैदानात उतरले. साधं विषही तेव्हापासून आठवा भाग घेऊ लागलं.

हिशेब कसा चालतो ते आकड्यांनी पाहू. पोकेमॉनमध्ये एकाच हल्ल्याचं नुकसान दर वेळी सारखं नसतं. खेळ सोळा शक्य किमतींतली एक फाशासारखी टाकतो, सगळ्यात कमी 85 टक्के आणि सगळ्यात जास्त 100. समजा तुमचा हल्ला समोरच्याचे 42 ते 49 टक्के एचपी नेतो. दोन वारांत तो कधीच मरणार नाही, नशीब कितीही जोरावर असलं तरी. तिसरा वार लागणार, आणि तोवर तो तुम्हाला मारेल किंवा स्वतःला बरं करून घेईल. आता तोच पोकेमॉन मैदानात येताना तुम्ही आधी पसरलेल्या टोकदार दगडांवरून आला असेल तर 12.5 टक्के आधीच गेले. दोन सगळ्यात कमकुवत वारांचे 84 धरले तर बेरीज 96.5. अजून निसटतो. पण वाळूचं वादळही चालू असेल तर पहिल्या टर्नच्या शेवटी 6.25 टक्के आणखी जातात आणि बेरीज शंभराच्या पार होते. जे कधीच शक्य नव्हतं, ते आता खात्रीचं झालं. फाशाचा प्रश्नच उरला नाही. आता त्याच पोकेमॉनच्या हातात लेफ्टओव्हर्स द्या. दर टर्नचे 6.25 टक्के परत आले, वादळ रद्द झालं, आणि कमकुवत वारांत तो पुन्हा थोडक्यात वाचू शकतो.

म्हणून या खेळात कुणी ‘माझा हल्ला जबर आहे’ असं म्हणालं की जाणता खेळाडू आधी विचारतो, जमिनीवर काय आहे आणि आभाळात काय आहे?

अपूर्णांकांचा खेळ म्हटला की पूर्णांकांची लबाडीही आलीच. खेळ दशांश ठेवत नाही, खालचा पूर्ण आकडा धरतो. चॅरिझार्ड या पोकेमॉनचं उदाहरण घ्या. 100 व्या लेव्हलला, एचपीला वेगळे गुण न देता, त्याचे एचपी 297 होतात. दगडांवरून येताना, त्याच्या टाईपमुळे, त्याचे निम्मे एचपी जातात. 297 चे निम्मे 148.5, पण खेळ कापतो 148. दोनदा आत आला तरी 296 गेले आणि 1 उरला. एचपी 298 असते तर दुसऱ्या वेळी आत पाऊल टाकताच तो मेला असता. जास्त एचपी असणं इथे तोट्याचं ठरतं! ज्याला लेफ्टओव्हर्स वापरायचे त्याला 304 सारखी सोळाच्या पाढ्यातली संख्या हवी असते, कारण तिथे दर टर्नला 19 मिळतात आणि 303 वर 18. ज्याला वादळात जास्त काळ तग धरायचा आहे त्याला नेमकी 303 आवडते. अनुभवी खेळाडू टीम बांधताना अशा एकेका आकड्यासाठी तासन्‌तास घालवतात. मला तरी हे वेड आवडतं.

वर ज्या दगडांचा उल्लेख झाला त्यांच्यावर जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते पोकेमॉनच्या इतिहासात एवढी उलथापालथ दुसऱ्या कुठल्याही एका मूव्हनं केलेली नाही. ‘स्टेल्थ रॉक’ आली 2006 च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये. त्याआधी स्पाइक्स होतेच. तिसऱ्या पिढीपासून त्यांचे तीन थर रचता यायचे आणि ते अनुक्रमे आठवा, सहावा आणि चौथा भाग घ्यायचे. पण तीन थरांना तीन टर्न जातात, आणि उडणाऱ्या पोकेमॉनला ते टोचत नाहीत. स्टेल्थ रॉकला एकच टर्न पुरते. हवेत तरंगणारे दगड उडणाऱ्यालाही लागतात, आणि लागतात ते टाईप पाहून. दगडाला ना धड कमजोर ना धड पक्का असा पोकेमॉन आठवा भाग देतो, कमजोर असेल तर चौथा, दुहेरी कमजोर असेल तर सरळ अर्धा. पोलादासारखा पक्का असेल तर सोळावा, त्याहून पक्का असेल तर बत्तिसावा. एकदा पसरले की, कुणी काढले नाहीत तर, ते लढाई संपेपर्यंत तिथेच राहतात, आणि आत येणारा प्रत्येक जण टोलनाक्यावर थांबून भरतो तसा आपला वाटा भरतो.

त्यात भर म्हणजे, त्या चौथ्या पिढीत ही मूव्ह टीएमवर, म्हणजे मूव्ह शिकवणाऱ्या आयटमवर, होती. त्यामुळे असंख्य पोकेमॉन ती शिकू शकत होते. परिणाम असा झाला की दगड नसलेली टीम दिसेनाशी झाली. त्याहून मोठा परिणाम झाला तो पोकेमॉनच्या किमतीवर. चॅरिझार्ड, मोल्ट्रेस, आर्टिकुनो, हो-ओह. पोस्टरवर झळकणारे हे सगळे देखणे उडते जीव मैदानात पाऊल टाकताच अर्धमेले होऊ लागले. पाचव्या पिढीत आलेला आगीचा पतंग व्होल्कारोना एकदा पंख फडफडवून नाचला की एकटा सहाही जणांना झोपवू शकतो. पण त्याला आत आणण्याआधी दगड साफ झालेच पाहिजेत, ही अट त्याच्या ताकदीवरचा सगळ्यात मोठा लगाम ठरली. एखादा पोकेमॉन बलवान आहे की नाही हे त्याच्या स्वतःच्या आकड्यांऐवजी समोरच्यानं पहिल्या टर्नला काय केलं यावर ठरू लागलं. बऱ्याच खेळाडूंना हे अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. मला तसं वाटत नाही. या खेळात सगळ्यात चतुर चाल म्हणजे योग्य वेळी पोकेमॉन बदलणं. ती फुकट असती तर दोन सावध खेळाडू एकमेकांसमोर नुसते बदलतच राहिले असते.

दगड पसरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते काढणंही, आणि काढू न देणंही. रॅपिड स्पिन हा साध्या टाईपचा हल्ला आहे आणि भुताच्या टाईपला तो लागत नाही. स्टार्मी हा पोकेमॉन ही गिरकी घेणार असं दिसलं की समोरचा भुताच्या टाईपच्या गेंगारला आत पाठवायचा. गिरकी भुतातून आरपार जायची आणि दगड जागेवरच राहायचे. मग स्टार्मीचा मालक गिरकीऐवजी गेंगारवर पाण्याचा फवारा सोडायचा, गेंगारचा मालक ते ओळखून तिसराच कुणी पाठवायचा. जमिनीवरच्या काही खड्यांसाठी अशी चार-चार टर्नची झटापट चालायची, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटायचं की दोघं लढतच का नाहीत. सहाव्या पिढीत ‘डीफॉग’ ही मूव्ह दोन्ही बाजूंची जमीन साफ करू लागली आणि ही झटापट बरीच थंडावली. शेवटी 2019 मध्ये ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’नं जाड तळाचे बूट आणले, ‘हेवी-ड्यूटी बूट्स’. हातातला आयटम म्हणून ते दिले की दगड, काटे काहीच लागत नाही. व्होल्कारोना सुखावला. पण बूट घातले म्हणजे लेफ्टओव्हर्स गेले. आयटम एकच घेता येतो. टोल चुकला, पण तोही फुकटात नाही.

हवामानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण हवामान नुसतं कापत नाही. पाऊस कुणाचाच एचपी घेत नाही. तो पाण्याचे हल्ले दीडपट करतो, आगीचे निम्मे करतो, आणि एरवी 70 टक्के वेळा लागणारी ‘थंडर’ ही वीज हमखास लावतो. ऊन याच्या उलट, आणि शिवाय ‘सोलर बीम’ला ऊर्जा साठवण्यासाठी लागणारी एक टर्न वाचवतं. वाळूचं वादळ दगड, जमीन आणि पोलाद या टाईपांना सोडून बाकी सगळ्यांना खरवडतं, आणि चौथ्या पिढीपासून दगडाच्या टाईपचं विशेष संरक्षण दीडपट करतं. ‘मूनलाइट’सारख्या मूव्ह एरवी निम्मे एचपी परत देतात, उन्हात दोन तृतीयांश देतात, पावसात किंवा वादळात फक्त पाव. म्हणजे वादळ एका हातानं घेतं आणि दुसऱ्या हातानं औषधाची बाटलीही अर्धी रिकामी करतं.

दुसऱ्या पिढीत हवामान आणायला एक टर्न घालवावी लागायची आणि ते पाच टर्न टिकायचं. आणतानाची टर्नही त्या पाचांत धरलेली, म्हणजे उपयोगाच्या चारच. तिसऱ्या पिढीत, 2002 च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये, अ‍ॅबिलिटी आल्या आणि चित्र पालटलं. टायरानिटार आत आला की आपोआप वादळ उठू लागलं, आणि तेही कायमचं. दुसरं हवामान त्यावर चढत नाही तोवर थांबायचं नाव नाही. कायोगर पाऊस आणायचा, ग्राउडॉन ऊन. पण हे दोघे इतके बलाढ्य होते की साध्या स्पर्धांत त्यांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे रोजच्या खेळात राज्य होतं ते टायरानिटारच्या वाळूचं. पोलादी स्कार्मोरीला ती वाळू लागत नाही. ती निवांत काटे पेरायची, समोरच्याला फुंकर मारून हाकलायची, आणि हाकललेल्याच्या जागी येणारा काट्यांवरून चालत यायचा. वाळू आणि काटे दोन्ही मिळून समोरची सगळी टीम हळूहळू झिजायची.

पाचव्या पिढीनं, 2010 च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’नं, कायमच्या पावसाची आणि उन्हाची चावी सामान्य पोकेमॉनच्या हातात दिली. पॉलिटोड नावाचा एक हिरवा बेडूक. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तो आत आला की आभाळ फुटायचं आणि फुटलेलंच राहायचं. ऊन आणणारी नाइनटेल्स कोल्हीणही तशीच. ‘स्विफ्ट स्विम’ अ‍ॅबिलिटीवाले पोकेमॉन पावसात दुप्पट वेगानं धावतात. किंगड्रा, काबुटॉप्स, लुडिकोलो हे सगळे एकदम अडवता न येणारे झाले, कारण ते आधी मारायचे आणि दीडपट मारायचे. चाहत्यांच्या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या स्मोगॉन या समुदायानं शेवटी एक अजब बंदी घातली: पाऊस आणणारी ‘ड्रिझल’ आणि ‘स्विफ्ट स्विम’ एकाच टीममध्ये घ्यायच्या नाहीत. दोन्ही अ‍ॅबिलिटी वेगवेगळ्या चालतील, एकत्र नाही. वाळूत दुप्पट पळणाऱ्या एक्सकॅड्रिलला तर सरळ वरच्या गटात हाकललं.

तरी हवामानाचं युद्ध संपलं नाही. त्या काळात जवळपास प्रत्येक टीम आपलं हवामान घेऊन यायची, निदान समोरच्याचं मोडायला तरी. लढाई कुणाचा पोकेमॉन जास्त मारतो यापेक्षा कुणाचा बेडूक जास्त जगतो यावर यायची. पॉलिटोड मेला की पुन्हा पाऊस नाही, आणि पावसाच्या भरवशावर बांधलेले उरलेले पाच जण उघड्यावर. बेडकाला जपत-जपत खेळायचं हे कौशल्य होतं हे मान्य. पण टीम बांधतानाच अर्धी लढाई ठरून जाते, हे मला त्या पिढीचं दुखणंच वाटतं. 2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’नं त्यावर उपाय केला. अ‍ॅबिलिटीनं आणलेलं हवामानही आता पाचच टर्न टिकतं, खास दगड हातात असेल तर आठ.

दोन्ही बाजूंचे हवामानवाले पोकेमॉन एकाच वेळी मैदानात उतरले तर काय होतं, हा भाग नवख्याला नेहमी चकवतो. वेगवान पोकेमॉनची अ‍ॅबिलिटी आधी चालते, मंदाची नंतर, आणि नंतर आलेलं हवामान आधीच्यावर चढतं. म्हणजे हळू असलेला जिंकतो! पुढे ऊन आणण्याचं काम टॉर्कोल या कोळशानं धुमसणाऱ्या कासवाकडे आलं. त्याचा वेगाचा मूळ आकडा आहे फक्त 20. पाऊस आणणाऱ्या पेलिकनचा, म्हणजे पेलिपरचा, 65, टायरानिटारचा 61. टॉर्कोल समोर असेल तर बाकी कुणाचंही हवामान क्षणभर चमकतं आणि ऊन पडतं. सगळं जग वेग वाढवण्याच्या मागे असताना हवामानवाले खेळाडू आपल्या पोकेमॉनला मुद्दाम मंद करत बसतात.

हे टोकाला गेलं 2016 मध्ये. अधिकृत जागतिक स्पर्धा दोन-विरुद्ध-दोन अशा जोडीनं खेळली जाते. सहातले चार निवडायचे, सगळे 50 व्या लेव्हलचे. त्या वर्षी कायोगर आणि ग्राउडॉन यांना त्यांच्या आदिम रूपात परवानगी होती. आदिम ग्राउडॉनच्या उन्हात पाण्याचा हल्ला वाफ होऊन जातो, शून्य नुकसान. आदिम कायोगरच्या पावसात आग विझून जाते. साधं हवामान या दोन्हींवर चढूच शकत नाही. आणि दोघांचाही वेगाचा मूळ आकडा 90. त्यामुळे कोण किती मंद ठेवला आहे, कोण कधी आत आणायचा आणि समोरच्याचा आला की आपला लगेच बाहेर काढून पुन्हा कधी आणायचा, यावर सामने फिरत होते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेली ती स्पर्धा अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकनं जिंकली, कायोगर आणि रेक्वाझा घेऊन. रेक्वाझाची अ‍ॅबिलिटी हवामानाचा प्रभावच पुसते, आणि मेगा रूपात तर तो स्वतःचे वारे आणतो. आभाळ सतत आपल्या बाजूनं ठेवण्याऐवजी हव्या त्या टर्नला ते समोरच्याकडून काढून घेण्यावर त्या टीमचा भर होता.

जोडीच्या खेळात चिप डॅमेजचा आणखी एक उपयोग आहे, जो एकेरी खेळातही दिसतो पण इथे जास्त बोचतो. ‘फोकस सॅश’ नावाचा एक पट्टा आहे. पूर्ण एचपी असताना कितीही जबर वार बसला तरी तो बांधणारा 1 एचपीवर वाचतो. नाजूक पण घातक पोकेमॉन हा पट्टा बांधून येतात, एक वार झेलतात आणि उलट मारून मोकळे होतात. अट एकच, एचपी पूर्ण हवेत. टायरानिटारच्या वाळूनं पहिल्या टर्नच्या शेवटी एक सोळांश घेतला की दुसऱ्या टर्नपासून तो पट्टा म्हणजे नुसती चिंधी. सहा टक्क्यांनी शंभर टक्क्यांचा विमा बुडतो.

हवामानाविरुद्ध खेळताना नवा खेळाडू घाबरून हल्ला करत सुटतो. अनुभवी खेळाडू टर्न खातो. पाऊस पाचच टर्नचा असेल, तर ‘प्रोटेक्ट’ म्हणजे ढाल वापरून एक टर्न गेली, पाणी पिणाऱ्या पोकेमॉनला आत आणून दुसरी गेली, आणि आक्रमकाच्या हातात उरलं काय? लागोपाठ दुसऱ्यांदा ढाल लागण्याची शक्यता एकतृतीयांशावर येते, त्यामुळे हेही अमर्याद चालत नाही. विषासाठी हेच उलटं वापरतात: टॉक्सिक मारायचं आणि मग एक आड एक ढाल. समोरचा हात चोळत बसतो आणि विष वाढत जातं. अशा खेळाला ‘स्टॉल’ म्हणतात आणि त्याचा तिरस्कार करणारे पुष्कळ आहेत. शंभर-शंभर टर्नचे सामने पाहायला कंटाळा येतो हे खरंच आहे. पण ते खेळायला सोपं आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ‘पोकेमॉन शोडाउन’ या फुकट सिम्युलेटरवर एकदा करून पाहावं. ब्राउझर उघडला की झालं, कन्सोलची गरज नाही, आणि प्रत्येक टर्नखाली कुणाचे किती टक्के कशानं गेले हे लिहून येतं.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. मोबाइलवरचा ‘पोकेमॉन गो’ डिसेंबर 2016 मध्ये जिओच्या साथीनं भारतात अधिकृतपणे आला, आणि वर्षभरानं त्यात खरं हवामान शिरलं. खेळणारा उभा आहे तिथे पाऊस पडत असेल तर पाणी, वीज आणि किडा या टाईपांच्या हल्ल्यांना 20 टक्के जोर मिळतो. मुंबईच्या जुलैत याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. पाण्याच्या पोकेमॉनची चंगळ, आणि खेळाडूच्या बुटांत पाणी. मात्र दोन खेळाडूंच्या आपसांतल्या लढतीला हे आभाळ लागू होत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर चेरापुंजीचा खेळाडू आणि जैसलमेरचा खेळाडू यांच्यात न्याय कसा करणार?

मूळ खेळात गारांचं मात्र कधीच नीट जमलं नाही. तिसऱ्या पिढीत त्या आल्या, बर्फाच्या टाईपला सोडून सगळ्यांचा सोळावा भाग कापू लागल्या, आणि चौथ्या पिढीपासून ‘ब्लिझर्ड’ ही मूव्ह हमखास लावू लागल्या. पण ज्या टाईपच्या सोयीसाठी त्या होत्या तो टाईप बचावाला मुळातच दुबळा. बर्फाला फक्त बर्फाचाच मार कमी लागतो, आणि आग, दगड, पोलाद, हाणामारी असे चार जण त्याला दुप्पट मारतात. वर स्टेल्थ रॉकनंही त्याचा चौथा भाग जायचा. गारांनी समोरच्याचे सहा टक्के जाईपर्यंत स्वतःचेच पंचवीस गेलेले असायचे. नवव्या पिढीत, 2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये, गारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी हिम आलं. हिम कुणाचंच काही कापत नाही; बर्फाच्या पोकेमॉनचं संरक्षण दीडपट करतं. तीन दशकांच्या या प्रवासात कापणाऱ्या गोष्टी कमी-कमी होत गेल्या आहेत हे खरं. वाळूचं वादळ दुसऱ्या पिढीत आठवा भाग घ्यायचं, तिसऱ्यात सोळाव्यावर आलं. भाजणं सातव्या पिढीत आठव्यावरून पुन्हा सोळाव्यावर आलं. हवामानाचं कायमपण गेलं, दगडांना बूट मिळाले.

त्याच नवव्या पिढीत मात्र मिठाचा एक डोंगरही आला, गारगानॅकल. त्याची ‘सॉल्ट क्युअर’ नावाची मूव्ह आधी मारते आणि मग जखमेत मीठ चोळते: दर टर्नला आठवा भाग, आणि समोर पाण्याचा किंवा पोलादाचा पोकेमॉन असेल तर चौथा. म्हणजे वादळाला आणि विषाला ज्या पोलादानं आजवर भीक घातली नाही, नेमकं तेच इथे गंजतं. लेफ्टओव्हर्स त्यापुढे पुरत नाहीत, ढालीमागे लपलं तरी मीठ आपलं काम करतच राहतं. सुटका एकच, तो पोकेमॉन मागे घ्यायचा आणि दुसरा आत आणायचा. आणि स्टेल्थ रॉक शिकणाऱ्यांच्या यादीत गारगानॅकलही आहे.